नकोशी मॉडेल वर्षे: अमेरिकी मसल कारचा दुर्लक्षित इतिहास

१/
जून २०१४. अमेरिकेतील सिएटल शहरात झालेल्या एका लिलावात १९७१ सालची, उघड्या टपाची प्लिमथ बाराकुडा ३५ लाख डॉलरना विकली गेली. तिच्या पुढच्या भागात ७ लिटरचे प्रसिद्ध ‘हेमी’ इंजिन होते आणि तशा गाड्या अगदी मोजक्याच तयार झाल्या होत्या. पुढच्या वर्षीच्या, म्हणजे १९७२ च्या बाराकुडाची मूळ घडण तीच होती. मात्र हेमी गेले, उघडे टप गेले आणि सर्वांत मोठे इंजिन उरले ते ५.६ लिटरचे. एका वर्षाच्या अंतराने एक गाडी दंतकथा झाली, तर दुसरी नकोशी. हा धागा त्या नकोशा गाड्यांविषयी आहे.

२/
‘कोणत्या वर्षाची मसल कार घ्यावी?’ या प्रश्नाला वाहनप्रेमींच्या जगात ठरलेली उत्तरे आहेत. मस्टँग घ्यायची तर १९६५ ते १९७० ची, चार्जर १९६८ ते १९७० ची, जीटीओ साठच्या दशकातली. बाकीची वर्षे ‘टाळावीत’ अशा यादीत जातात. संग्राहकाच्या दृष्टीने ही यादी कदाचित सोयीची असेल. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ती उलटी वाचायला हवी. अमेरिकेच्या समाजात, कायद्यात आणि अर्थकारणात त्या दहा-बारा वर्षांत जे घडले, त्याच्या सर्वाधिक खुणा ज्या गाड्यांवर उमटल्या, त्याच या यादीने बाहेर काढल्या आहेत.

३/
प्रथम थोडी पार्श्वभूमी. मसल कार म्हणजे मध्यम आकाराची, सर्वसामान्यांना परवडणारी, पण मोठ्या गाडीचे दांडगे इंजिन बसवलेली दोन दारांची गाडी. या प्रकाराचा आरंभ सामान्यतः १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून मानला जातो. जनरल मोटर्सच्या नियमानुसार मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन बसवण्यास मनाई होती. पाँटिॲकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पळवाट शोधली. स्वतंत्र गाडी न काढता टेंपेस्ट या साध्या गाडीवर ३८९ घन इंचांचे इंजिन एका वैकल्पिक संचाचा भाग म्हणून देऊ केले. पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० गाड्या खपल्या.

४/
‘मॉडेल वर्ष’ ही संकल्पनाही येथे समजून घ्यावी लागते. अमेरिकी कंपन्या दर शरद ऋतूत पुढच्या वर्षाची गाडी बाजारात आणत. म्हणजे १९७४ ची गाडी १९७३ च्या सप्टेंबरातच दुकानात दिसे. दरवर्षी समोरची जाळी, मागचे दिवे, रंग, इंजिनांची यादी, काही ना काही बदले. त्यामुळे प्रत्येक मॉडेल वर्ष हे कालनिर्णय करता येण्याजोगे साधन ठरते. नाण्यावरील सनावरून जसा राजवटीचा अंदाज बांधता येतो, तसा या गाडीच्या बंपरवरून अमेरिकेतील कायद्याचा अंदाज बांधता येतो.

५/
मग वर्षावर्षांत आवडनिवड कशी ठरली? रूढ उत्तर असे, की १९७१ नंतर गाड्या दुबळ्या झाल्या म्हणून त्या नावडत्या झाल्या. हे उत्तर अर्धेच खरे आहे. गाडीचे नशीब तीन गोष्टींनी ठरवले: जाहिरातीतील अश्वशक्तीचा आकडा, उत्पादनाची दुर्मिळता आणि चित्रपट. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत प्रभावी ठरली आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते. म्हणून आधी चित्रपटांकडे पाहणे योग्य.

६/
१९६८ च्या ‘बुलिट’मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर १९६८ ची मस्टँग आणि १९६८ ची काळी चार्जर एकमेकींच्या मागे धावल्या. १९७१ च्या ‘व्हॅनिशिंग पॉइंट’मध्ये पांढरी १९७० ची चॅलेंजर होती. १९७९ पासून दूरचित्रवाणीवर १९६९ ची नारिंगी चार्जर उड्या मारू लागली. त्या मालिकेच्या चित्रीकरणात शेकडो चार्जर मोडीत निघाल्या. जी वर्षे पडद्यावर आली, ती मनात ठसली. लहानपणी जी गाडी पडद्यावर पाहिली, तीच पुढे हाती पैसा आल्यावर विकत घ्यावीशी वाटणे हे अगदी मानवी आहे. पण ती स्मृती आहे, मूल्यमापन नव्हे.

७/
याचे उत्तम उदाहरण एका चित्रपटाच्या दोन आवृत्त्यांत सापडते. १९७४ चा ‘गॉन इन सिक्स्टी सेकंड्स’ एच. बी. हॅलिकी यांनी स्वतः लिहिला, दिग्दर्शित केला आणि त्यात कामही केले. त्यातील ‘एलेनॉर’ ही पिवळी मस्टँग १९७१ ची होती आणि तिला १९७३ च्या गाडीचे रूप दिले होते. अखेरचा पाठलाग सुमारे ४० मिनिटांचा. संपूर्ण चित्रपटात ९३ गाड्यांचा चुराडा झाला. म्हणजे मूळ कथेची नायिका ही आजच्या यादीतील ‘टाळावी’ अशी मस्टँग होती!

८/
२००० साली त्याच चित्रपटाची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात एलेनॉर हे नाव राहिले, पण गाडी बदलून १९६७ ची मस्टँग आली. परिणाम असा, की आज ‘एलेनॉर’ म्हटले की राखाडी १९६७ डोळ्यांसमोर येते आणि त्या रूपाच्या प्रतिकृती जगभर तयार होतात. १९७१ ते १९७३ ची लांबरुंद मस्टँग तशीच उपेक्षित राहिली, जरी १९७१ च्या ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’ या बाँडपटात तिने लास व्हेगासची अरुंद गल्ली दोन चाकांवर पार केली होती. इतिहासाची नायिका लोकस्मृतीने बदलली, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळाच.

९/
उलट उदाहरणही आहे. १९७७ च्या ‘स्मोकी अँड द बँडिट’मध्ये काळी पाँटिॲक ट्रान्स ॲम आली. अश्वशक्तीच्या हिशेबात ती साठच्या दशकातील गाड्यांच्या जवळपासही नव्हती. तरीही लोक तिच्यासाठी वेडे झाले. १९७७ साली सुमारे ६८ हजार ट्रान्स ॲम खपल्या, १९७९ साली १ लाख १७ हजार. आजही त्या वर्षांच्या गाड्यांना मोठी मागणी आहे. दुबळेपणा हेच जर नावडीचे खरे कारण असते, तर ही गाडीही नकोशा यादीत गेली असती. म्हणजे ‘दुबळी म्हणून नकोशी’ हा युक्तिवाद मुळातच डळमळीत आहे.

१०/
आता आकड्यांकडे. १९७१ पर्यंत कंपन्या जी अश्वशक्ती छापत, ती ‘ग्रॉस’ असे. इंजिन गाडीबाहेर चाचणीच्या चौकटीवर ठेवून, हवेची गाळणी, धूर बाहेर नेणाऱ्या पूर्ण नळ्या आणि शक्ती खाणारी अन्य उपकरणे वगळून ती मोजली जाई. १९७२ पासून ‘नेट’ पद्धत रूढ झाली. इंजिन गाडीत जसे बसते, तशा स्थितीत त्याची शक्ती मोजायची. साहजिकच त्याच इंजिनाचा आकडा खाली आला. विद्यार्थी तोच, उत्तरपत्रिका तीच. फक्त परीक्षक कडक झाला.

११/
शेव्हरोलेच्या शेव्हेल या गाडीतील ४५४ घन इंचांचे एलएस ५ इंजिन पाहावे. १९७१ साली कंपनीने दोन्ही आकडे दिले: ग्रॉस ३६५, नेट २८५. १९७२ साली नेट २७०. घाईने वाचणाऱ्याला ३६५ वरून २७० अशी ९५ अश्वशक्तींची कोसळ दिसते. समान मापाने पाहिले, तर घट केवळ १५ ची आहे.

याहून गमतीची गोष्ट अशी, की १९७० साली याच इंजिनाचा दाब अधिक होता आणि ग्रॉस आकडा ३६० छापला होता. १९७१ साली दाब कमी केला आणि आकडा मात्र ३६५ झाला! जाहिरातीतील अश्वशक्ती किती विश्वासार्ह होती, हे त्यावरून कळते.

१२/
तरीही खरी घट झाली, हे मान्य करायलाच हवे, आणि तिच्या कारणांतच या गाड्यांचे ऐतिहासिक मोल दडले आहे. इंजिनात मिश्रण जितके अधिक दाबावे, तितकी शक्ती अधिक मिळते. पण साधे पेट्रोल वेळेआधीच पेटून इंजिन ठोकू लागते. ते टाळण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळत. १९७१ पासून जनरल मोटर्सने इंजिनांतील दाब कमी केला, म्हणजे ती कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावीत. १९७५ च्या बहुतेक गाड्यांत धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. शिसे त्यांना निकामी करते, म्हणून त्या गाड्यांना शिसेरहित पेट्रोलच लागे.

१३/
हे शिसे कुठे जात होते? रस्त्याकडेच्या धुळीत आणि मुलांच्या रक्तात. पृथ्वीचे वय निश्चित करणारे भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९६५ साली हे प्रदूषण नैसर्गिक नसून मानवनिर्मित असल्याचे ठणकावून मांडले आणि तेल उद्योगाचा रोष ओढवून घेतला. पुढे पेट्रोलमधील शिसे जसे कमी झाले, तसे अमेरिकी मुलांच्या रक्तातील शिसेही कमी होत गेले. भारतात देशभर शिसेरहित पेट्रोल येण्यास २००० साल उजाडावे लागले. १९७२ च्या गाडीची ‘गेलेली’ अश्वशक्ती नेमकी कुठे गेली, याचे एक उत्तर येथे आहे. ती हरवली नाही, तिचा सत्कारणी विनियोग झाला.

१४/
३१ डिसेंबर १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी स्वच्छ हवेच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. पर्यावरण संरक्षण संस्था त्याच महिन्यात अस्तित्वात आली होती. १९७५ पर्यंत गाड्यांच्या धुरातील काही घातक वायू ९० टक्क्यांनी घटवावेत, असे उद्दिष्ट कायद्याने ठेवले. पुढे ही मुदत वाढवावी लागली. तसे तंत्रज्ञान कंपन्यांपाशी तेव्हा तयार नव्हते. १९७१ ते १९७४ च्या गाड्यांत हवेचे पंप, जागोजागी रबरी नळ्या, वेळ बदलणाऱ्या झडपा यांची जी गर्दी दिसते, ती या धडपडीची साक्ष आहे. ओबडधोबड खरी, पण प्रामाणिक साक्ष.

१५/
कायद्याआधीच विमा कंपन्यांनी घाव घातला होता. तरुण चालक आणि शक्तिशाली इंजिन ही जोडी दिसताच साठच्या दशकाच्या अखेरीपासून हप्ते भरमसाट वाढू लागले. गाडीचा मासिक हप्ता झेपणाऱ्या तरुणाला विम्याचा हप्ता झेपेना. म्हणून अनेकांनी बाह्यरूप झोकदार, पण इंजिन लहान अशा गाड्या घेतल्या. आज त्यांना ‘दिखाऊ’ म्हणून हिणवले जाते. वस्तुतः १९७० च्या सुमारास कारखान्यात काम करणारा एखादा विशीतला तरुण काय घेऊ शकत होता, याचा पुरावा याच गाड्या देतात. हेमी बाराकुडा तो पुरावा देऊ शकत नाही. ती तेव्हाही अपवाद होती.

१६/
मग आले बंपर. १९७३ पासून ताशी ५ मैल वेगाच्या धडकेत गाडीच्या पुढच्या भागातील दिवे आणि सुरक्षेची अंगे शाबूत राहावीत, असा संघीय नियम आला. मागच्या बाजूसाठी ही मर्यादा अडीच मैल होती, १९७४ मध्ये तीही ५ मैल झाली. नाजूक चकचकीत पट्ट्यांच्या जागी अवजड बंपर आले. १९७४ च्या गाड्यांत आणखी एक गोष्ट होती: पुढच्या आसनाचा पट्टा लावल्याखेरीज इंजिन सुरूच होत नसे. आसनावर किराणा सामानाची पिशवी ठेवली, तरी यंत्रणा तिला माणूस समजे. लोक इतके चिडले की ऑक्टोबर १९७४ मध्ये कायदा करून हा नियम रद्द करावा लागला.

१७/
जवळजवळ एकाच मॉडेल वर्षापुरती जगलेली ही यंत्रणा म्हणजे राज्यसंस्था आणि नागरिक यांच्यातील वादाचे मूर्त रूप होय. नागरिकाच्या जिवाचे रक्षण करताना सरकारने कुठवर जावे, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या पुस्तकात वाचता येतो. १९७४ च्या गाडीत बसून तो अनुभवता येतो. दुर्दैवाने बहुतेक मालकांनी ती यंत्रणा तेव्हाच तोडून टाकली. आज ती चालू स्थितीत असलेली गाडी सापडणे कठीण, आणि सापडलीच तरी लिलावात तिला कोणी जादा डॉलर देत नाही.

१८/
कामगारांचा इतिहासही या गाड्यांत आहे. ओहायो राज्यातील नॉरवुड येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यात कॅमॅरो आणि फायरबर्ड तयार होत. १९७२ साली तेथे १७४ दिवसांचा संप झाला. संप मिटेपर्यंत नवे मॉडेल वर्ष आले होते. साखळीवर अर्धवट राहिलेल्या हजाराहून अधिक गाड्या १९७३ च्या बंपर नियमांत बसत नव्हत्या, म्हणून त्या मोडीत काढल्या गेल्या. त्या वर्षी ट्रान्स ॲम केवळ १,२८६ तयार झाल्या आणि ही सारी मालिकाच बंद करावी असा विचार कंपनीत सुरू झाला. १९७२ च्या या गाड्या दुर्मिळ आहेत त्या हौसेमुळे नव्हे, तर संपामुळे.

१९/
१७ ऑक्टोबर १९७३ रोजी अरब राष्ट्रांचे तेलास्त्र बाहेर पडले. अमेरिकेत पेट्रोल पंपांपुढे रांगा लागल्या आणि जानेवारी १९७४ मध्ये ताशी ५५ मैलांच्या वेगमर्यादेचा कायदा झाला. योगायोग असा, की फोर्डने त्याच्या काही आठवडे आधी ‘मस्टँग २’ ही छोटी गाडी बाजारात आणली होती. पिंटो या लहान गाडीच्या भागांवर बेतलेल्या या मस्टँगमध्ये पहिल्या वर्षी आठ सिलिंडरचे इंजिन मिळतच नव्हते. आज तिची थट्टा होते. पण १९७३ साली १,३४,८६७ वर घसरलेली मस्टँगची विक्री १९७४ मध्ये ३,८५,९९३ झाली. मस्टँग हे नाव आज जिवंत आहे, त्याच्या श्रेयातला एक वाटा या थट्टेच्या विषयाकडे जातो.

२०/
तिच्या वाट्याला आलेली विटंबना मात्र विलक्षण आहे. मस्टँग २ ची पुढची चाके तोलणारी रचना आटोपशीर आणि कार्यक्षम होती. जुन्या गाड्यांना नवे रूप देणाऱ्या कारागिरांनी ती हेरली. भंगारातल्या मस्टँग २ शोधायच्या, पुढचा भाग कापून काढायचा आणि तीस-चाळीसच्या दशकांतल्या गाड्यांना जोडायचा, हा क्रम अनेक वर्षे चालला. पुढे त्या रचनेच्या नव्या प्रतिकृतीच बाजारात मिळू लागल्या आणि आजही त्या ‘मस्टँग २’ याच नावाने ओळखल्या जातात. ज्या गाडीला कोणी दारात उभे करीना, तिचेच पाय असंख्य देखण्या गाड्यांखाली आहेत.

२१/
डॉज चार्जरची कथा तर आकड्यांनीच बोलते. ज्या १९६८ च्या चार्जरवर आज उड्या पडतात, ती तेव्हा सुमारे ९६ हजार खपली. १९७३ ची, आज फारशी कोणी न विचारणारी चार्जर सुमारे १ लाख १९ हजार खपली. म्हणजे समकालीनांनी जिला अधिक पसंती दिली, तिला उत्तरकालीनांनी नाकारले. रिचर्ड पेटी यांनी १९७३ आणि १९७४ ची डेटोना ५०० शर्यत चार्जर चालवूनच जिंकली. १९७४ आणि १९७५ ची नॅस्कार अजिंक्यपदेही याच पिढीच्या चार्जरवर मिळवली. शर्यतीचे इंजिन अर्थातच वेगळे असे. पण रविवारी प्रेक्षक ज्या आकाराला टाळ्या देत होते, तो हाच आकार होता.

२२/
पाँटिॲक जीटीओचे अखेरचे वर्ष १९७४. व्हेंचुरा नावाच्या लहान, साध्या गाडीवर ३५० घन इंचांचे, नेट २०० अश्वशक्तीचे इंजिन एका वैकल्पिक संचातून मिळे. ७,०५८ गाड्या खपल्या आणि नाव बंद झाले. ‘ही जीटीओच नव्हे’ असे तिच्याविषयी म्हटले जाते. पण दहा वर्षांपूर्वीची पाककृती आठवावी: साधी, स्वस्त गाडी आणि वर मोठ्या इंजिनाचा वैकल्पिक संच. मधल्या काळात जीटीओ मोठी, जड आणि महाग होत गेली होती. त्या अर्थाने १९७४ ची जीटीओ मूळ कल्पनेच्या अधिक जवळ होती. काळ बदलला होता, पाककृती नव्हे.

२३/
या गाड्यांचे आज काय होते? साध्या इंजिनाच्या गाडीवर प्रसिद्ध मॉडेलची चिन्हे, पट्टे आणि इंजिन चढवून ‘प्रतिकृती’ बनवली जाते. १९७३ चे जड बंपर उतरवून जुने पातळ बंपर लावले जातात. धूर आवरणारे पंप आणि नळ्या भंगारात जातात. सुटे भाग काढून झाले की उरलेला पत्रा वितळतो. प्रत्येक मालक आपल्या वस्तूचा धनी आहे, हे खरे. पण शंभर मालकांनी तेच केले, की काही दशकांनी असे चित्र उरेल, की अमेरिकेत सगळे जण १९६९ ची हेमी चालवत होते आणि १९७३ साल उगवलेच नाही.

२४/
दुसरी बाजूही न्याय्यपणे मांडायला हवी. नकोशा वर्षाची गाडी पाळणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. रंगकाम, पत्र्याचा गंज, आसनांचे कापड, क्रोमचा मुलामा यांचा खर्च हव्याशा आणि नकोशा गाडीला सारखाच येतो. विकताना मात्र तो निघत नाही. १९६९ च्या मस्टँगचा जवळजवळ प्रत्येक भाग नवा बनवून मिळतो. १९७४ च्या गाडीसाठी भंगारवाडे धुंडाळावे लागतात. त्या काळच्या प्रदूषणरोधक यंत्रणांमुळे काही गाड्या अडखळत चालत, हेही खरे. म्हणून ‘स्वस्तात मसल कार’ एवढ्याच मोहाने ही गाडी घेणारा बहुधा पस्तावतो.

२५/
पण जो इतिहासाच्या ओढीने घेतो, त्याला वेगळा लाभ होतो. लाखमोलाची गाडी तिजोरीसारखी जपावी लागते. ती पावसात निघत नाही, अनोळखी माणसाला तीत बसवता येत नाही. नकोशी गाडी चालवता येते, उघडून दाखवता येते, चुकत-माकत दुरुस्त करायला शिकता येते. ठोकळेबाज निवडीपलीकडे पाहणाऱ्याला तेथे नवलही सापडते. १९७३-७४ च्या फायरबर्डमधील ‘सुपर ड्युटी ४५५’ हे इंजिन कडक नियमांच्या काळातही नेट २९० अश्वशक्ती देत होते. अभियंत्यांनी हात टेकले नव्हते, याचा तो पुरावा.

२६/
मराठी इतिहासाच्या वाचकाला यातील तत्त्व अपरिचित नाही. बखरी वाचायला रंजक असतात. त्यांत नायक असतात, पराक्रम असतो. पण दुष्काळात धान्याचा भाव काय होता, शिबंदीचा पगार किती थकला होता, हे कळते ते दफ्तरातील रुक्ष हिशेबी कागदांवरून. बखर कोणीही जपतो. हिशेबाचा कागद रद्दीत जातो आणि नंतर अभ्यासक तोच शोधत फिरतात. हेमी बाराकुडा ही मसल कारच्या काळाची बखर आहे. १९७४ ची जड बंपरांची, पट्ट्यावाचून सुरू न होणारी गाडी हे त्या काळाचे दफ्तर आहे.

२७/
म्हणून अशी गाडी ज्याच्या हाती आहे, त्याच्यावर थोडी जबाबदारी येते. मूळ बंपर बदलू नयेत. हवेचा पंप काढलाच, तर तो पेटीत नीट ठेवून गाडीबरोबर पुढच्या मालकाला द्यावा. कारखान्यातील बांधणीचा कागद, विक्रीची पावती, दुरुस्तीची बिले, विम्याची पत्रे जपावीत. पहिल्या मालकाने हीच गाडी का घेतली, हे कळले तर लिहून ठेवावे. आणि गाडीला तिच्याहून प्रसिद्ध बहिणीचा मुखवटा चढवू नये.

२८/
बाजार आपले काम करत राहील. १९७१ ला ३५ लाख डॉलर मिळतील आणि १९७२ ला कोणी बोली लावणार नाही. त्याला इलाज नाही. पण भाव आणि मोल हे मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, ते उगाच नव्हे. नॉरवुडचा संपकरी, विम्याच्या हप्त्याने हिरमुसलेला तरुण, पेट्रोलच्या रांगेत उभा राहिलेला गृहस्थ आणि ज्यांच्या रक्तातले शिसे कमी झाले ती मुले, या साऱ्यांचा इतिहास सांगणारी यंत्रे लिलावाच्या मंचावर येत नाहीत. ती एखाद्या कोठाराच्या मागे गंजत उभी असतात. त्यांतली एक जरी मूळ रूपात वाचली, तरी त्या काळाचा एक साक्षीदार वाचतो.

#इतिहास #मराठी #धागासमाप्त